पाण्याची घसरगुंडी (घरगुती)

घरगुती पाण्याची घसरगुंडी म्हणजे अंगणात, परसात किंवा शेतघराच्या आवारात प्लास्टिकचे जाड कापड अंथरून, त्यावर पाण्याचा पातळ थर वाहता ठेवून तात्पुरती तयार केलेली घसरगुंडी होय. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या खेळासाठी ती केली जाते. जलक्रीडा उद्यानातील घसरगुंडी कायमस्वरूपी व फायबरग्लासची असते, तिचा उतार व वळणे अभियंते आखतात आणि तेथे प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले असतात. घरगुती घसरगुंडीच्या बाबतीत आखणी, बांधणी आणि देखरेख ही तिन्ही कामे घरातील माणसांनाच करावी लागतात. त्यामुळे तिच्या सुरक्षिततेचा विचार प्रामुख्याने तीन गोष्टींभोवती फिरतो : सुरुवातीची उंची, पाण्याचा थर आणि घसरणारी व्यक्ती थांबण्यासाठी ठेवलेली सपाट जागा.

रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसरात या खेळाला पाण्याच्या उपलब्धतेचाही संदर्भ आहे. येथे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तर खेळाची हौस एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पाणीसाठे तळाला गेलेले असताना असते.

नाव आणि प्रकार

मराठीत घसरगुंडी हा शब्द बागेतील पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या घसरणीसाठी रूढ आहे. पाण्याचा वापर होणाऱ्या प्रकाराला पाण्याची घसरगुंडी, जलघसरगुंडी किंवा इंग्रजीवरून वॉटर स्लाइड असे म्हणतात. घरगुती घसरगुंडीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

सपाट पट्टी : सपाट हिरवळीवर अंथरलेली ओली पट्टी. मूल थोडे धावत येऊन तिच्यावर अंग झोकून देते. येथे सगळा वेग धावण्यातून मिळतो.

उताराची घसरगुंडी : नैसर्गिक किंवा मातीचा भराव घालून केलेल्या उतारावर अंथरलेले कापड. मूल वरच्या टोकाला बसते आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येते. येथे धावण्याची गरज नसते.

हे दोन प्रकार एकत्र करणे, म्हणजे धावत येऊन उतारावर झेप घेणे, हे या खेळातील गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण आहे.

इतिहास

घसरण्याचा खेळ जगभर जुना आहे. कोकणात पोफळीच्या गळून पडलेल्या पानाचा तळाकडचा रुंद, गुळगुळीत भाग, म्हणजे विरी, घेऊन तिच्यावर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे हा खेळ मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत. पावसाळ्यात चिखलाच्या निसरड्या उतारावरून घसरणे हाही त्यातलाच प्रकार.

आधुनिक पाण्याच्या घसरगुंडीचा आरंभ साधारणपणे अमेरिकेत मानला जातो. मिनेसोटा राज्यातील फॅरिबो येथील हर्बर्ट सेलनर याने १९२३ मध्ये तलावाकाठी उभारता येणारी लाकडी घसरगुंडी तयार केली. तिच्यावरून लहान घसरगाडीवर बसून थेट पाण्यात जाता येत असे. जॉर्ज मिले याने १९७७ मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडो येथे सुरू केलेले 'वेट अँड वाइल्ड' हे आधुनिक जलक्रीडा उद्यानांचे पहिले उदाहरण समजले जाते.

घरगुती प्रकाराचा उगम यापेक्षा साधा आहे. कॅलिफोर्नियातील लेकवुड येथे राहणारा रॉबर्ट कॅरियर हा गादीकाम करणारा कारागीर होता. १९६० च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या मुलाला घरासमोरच्या रंगवलेल्या, ओल्या काँक्रीटवरून पोटावर घसरताना पाहिले. काँक्रीटमुळे इजा होईल म्हणून त्याने कामावरचे प्लास्टिकचा लेप असलेले कापड आणले. त्याच्या एका कडेला नळीसारखी शिवण घालून तिला बारीक फटी ठेवल्या, म्हणजे बागेच्या पाइपाचे पाणी त्या फटींतून कापडभर पसरेल. या रचनेचे एकस्व त्याला १९६१ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी 'व्हॅम-ओ' या खेळणी कंपनीने ती 'स्लिप अँड स्लाइड' या नावाने बाजारात आणली. १९६१ ते १९९२ या काळात तिचे सुमारे ९० लाख नग विकले गेले.

मुंबई परिसरात जलक्रीडा उद्याने १९९० च्या दशकात लोकप्रिय झाली. गोराई येथील एस्सेलवर्ल्डच्या शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम सुरू झाले. खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ असलेल्या इमॅजिका उद्यानाचा पाण्याचा विभाग २०१४ मध्ये सुरू झाला. मुंबई-पुणे मार्गावर असल्यामुळे पनवेलकरांना तो जवळ पडतो. अशा ठिकाणी पाहिलेल्या घसरगुंडीची लहान आवृत्ती आपल्या आवारात करावी, ही कल्पना अनेक घरांत तेथूनच येते.

वैज्ञानिक तत्त्व

घर्षण आणि पाण्याचा थर

कोरड्या प्लास्टिकवर त्वचा चिकटते. त्यावर पाणी वाहू लागले की त्वचा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो व तो वंगणाचे काम करतो. थर अखंड असेल तोवर घर्षण फार कमी असते. थर तुटला की त्या जागी घर्षण एकदम वाढते. शरीराचा एक भाग अडतो, बाकीचे शरीर मात्र पुढे जात राहते. खरचटणे, त्वचा भाजल्यासारखी होणे आणि मानेवर ताण येणे या तिन्ही दुखापतींचे मूळ या अचानक अडण्यात आहे. म्हणून घसरगुंडीवर पाणी भरपूर असण्यापेक्षा ते सगळीकडे सारखे असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

उंची, वेग आणि थांबण्याचे अंतर

घर्षण अजिबात नाही असे मानले, तर उताराच्या तळाशी येणारा वेग केवळ सुरुवातीच्या उंचीवर अवलंबून असतो. अर्धा मीटर उंचीवरून निघाल्यास तो ताशी सुमारे ११ किलोमीटर, एक मीटरवरून सुमारे १६, तर दोन मीटरवरून सुमारे २२ किलोमीटर येतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे वेग याहून कमी राहतो.

थांबण्याचे अंतर काढण्यासाठी एक सोपे सूत्र उपयोगी पडते. उतार आणि सपाटी मिळून घसरणारी व्यक्ती जितके आडवे अंतर कापते, ते साधारणपणे सुरुवातीच्या उंचीला घर्षणांकाने भागून मिळते. चांगल्या ओल्या कापडासाठी घर्षणांक ०.१ मानला, तर पुढील उत्तरे येतात.

उंची अर्धा मीटर : एकूण आडवे अंतर ५ मीटर.
उंची १ मीटर : एकूण आडवे अंतर १० मीटर.
उंची दीड मीटर : एकूण आडवे अंतर १५ मीटर.
उंची २ मीटर : एकूण आडवे अंतर २० मीटर.

उंची १ मीटर असून उताराची आडवी लांबी ५ मीटर असेल, तर पुढे किमान ५ मीटर सपाट ओली पट्टी आणि त्यापुढे मोकळी मऊ जमीन लागते. उतार दहास एक इतका सौम्य असेल, तर याच गृहीतकानुसार व्यक्तीचा वेग वाढतच नाही, हलके ढकलल्यावर ती जवळपास त्याच गतीने खाली येते. लहान मुलांसाठी असा सौम्य उतार पुरेसा असतो.

याच सूत्रावरून आणखी दोन गोष्टी कळतात. पहिली साबणाची. शाम्पू किंवा साबण टाकल्याने घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.०५ झाला, तर एक मीटर उंचीसाठी लागणारे अंतर १० मीटरवरून २० मीटरवर जाते. दुसरी धावण्याची. सेकंदाला ४ मीटर वेगाने धावत येऊन घसरणे हे सुरुवातीची उंची सुमारे ०.८ मीटरने वाढवण्यासारखे आहे, त्यामुळे थांबण्याचे अंतर तब्बल ८ मीटरने वाढते. प्रौढ माणूस मुलापेक्षा वेगाने धावतो. म्हणजे मुलासाठी पुरेशी लांब असलेली पट्टी प्रौढाला अपुरी पडते.

म्हणून आधी घसरगुंडी उभारून मग ती कोठे संपते हे पाहण्याऐवजी, आधी उपलब्ध सपाटी मोजून त्यावरून उंची ठरवणे योग्य होय.

पनवेल परिसर आणि जागेची निवड

पनवेल शहर खाडीलगतच्या सखल, सपाट भागात वसले आहे. तालुक्याची पूर्व बाजू माथेरानच्या डोंगररांगेकडे चढत जाते. प्रबळगड व कलावंतीण सुळका हे याच भागात आहेत. शहरात आणि सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या भागांत नैसर्गिक उताराचे अंगण क्वचितच मिळते. नेरे, मालडुंगे अशा पूर्वेकडील गावांच्या परिसरात, जेथे शेतघरे व फार्महाऊसेस आहेत, तेथे मात्र उतार सहज सापडतो.

गृहनिर्माण संस्थांच्या आवारात पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असते. त्यावर अंथरलेल्या कापडावरून मूल बाहेर गेले, तर थेट कठीण पृष्ठभागावर आपटते. इमारतीच्या गच्चीवर घसरगुंडी करणे दोन कारणांनी अयोग्य आहे : कठड्याकडे जाणारा वेग आणि गच्चीतील जलरोधक थराचे नुकसान.

भातशेतीचे मोकळे वावर उन्हाळ्यात रिकामे असले, तरी तेथे कडक ढेकळे आणि भाताचे टोकदार बुडखे असतात. शिवाय परिसरातील जमिनीत मुरूम व काळ्या दगडाचे तुकडे आढळतात. त्यामुळे जमीन कोणतीही असली, तरी ती अनवाणी चालून व हात फिरवून तपासली जाते. घसरण्याच्या मार्गापासून दोन्ही बाजूंना किमान दोन मीटर आणि पुढच्या टोकाला त्याहून अधिक अंतरापर्यंत झाड, खांब, कुंपणाची तार, पायरी, विहीर किंवा पाण्याची टाकी असू नये.

उतार मोजण्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी असते. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते. दोन्ही टोकांपाशी त्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून एकातून दुसरे वजा केले की दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक मिळतो.

साहित्य

पनवेलच्या बाजारात प्लास्टिकच्या कापडाची सर्वाधिक विक्री मे महिन्यात होते. घरे, पडव्या, गोठे व लाकूडफाटा झाकण्यासाठी लागणारी ताडपत्री हा कोकणातील आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीच्या खरेदीचा भाग असतो. घसरगुंडीसाठी याच बाजारातील पुढील कापडे वापरली जातात.

विणीची ताडपत्री : प्लास्टिकच्या पट्ट्या विणून त्यावर दोन्ही बाजूंनी लेप दिलेला असतो. ती स्वस्त व मजबूत असते, परंतु विणीचा खरबरीतपणा त्वचेला जाणवतो. काठाला धातूची कडी असतात, ती घसरण्याच्या मार्गात येणार नाहीत अशी ठेवावी लागतात.

बहुस्तरीय प्लास्टिक कापड : बाजारात सिलपॉलिन या व्यापारी नावाने ओळखले जाते. विणीच्या ताडपत्रीपेक्षा गुळगुळीत असल्याने ते या कामास अधिक योग्य असते.

शेततळ्याचे अस्तर : महाराष्ट्रात शेततळ्यांसाठी ५०० मायक्रॉन जाडीचे अस्तर सर्रास वापरतात. त्याचे उरलेले तुकडे टिकाऊ व गुळगुळीत असतात. काळ्या रंगामुळे मात्र ते उन्हात फार तापते.

जुने फ्लेक्स : जाहिरातींचे उतरवलेले फलक फुकट मिळतात. त्यांची छापील बाजू खाली ठेवतात. शिवणीतील तार, पिना व कडी आधी कापून टाकावी लागतात.

याशिवाय बागेचा पाइप, कापडाखाली अंथरण्यासाठी भाताचा पेंढा व गोणपाट, कडा दाबण्यासाठी मातीने किंवा वाळूने अर्ध्या भरलेल्या पिशव्या एवढे साहित्य लागते. कीटकनाशकांची पिंपे, फवारणीचे पंप किंवा खतांच्या न धुतलेल्या गोण्या या कामात वापरणे धोक्याचे आहे.

बांधणी

बांधणीचा नेहमीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. मार्गाची जमीन साफ करून खडे, बुडखे व काटे काढतात, खड्डे भरतात आणि उंचवटे खुरपून घेतात.

२. त्यावर पेंढ्याचा बोटभर ते वीतभर जाडीचा थर देऊन वरून गोणपाट पसरतात. पेंढा सारखा पसरलेला नसेल, तर कापडावर लाटा तयार होतात आणि घसरताना धक्के बसतात.

३. कापड वरून खाली अखंड अंथरतात. रुंदी किमान दोन मीटर ठेवतात. तुकडे जोडावेच लागले, तर वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर कौलांप्रमाणे चढवतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही आणि पाय अडकत नाही.

४. लांब कडांना वीतभर खोल चर खणून त्यात कापडाची कडा पुरतात. खुंट्या, लोखंडी सळया, विटा किंवा दगड वापरत नाहीत. ज्या बाजूला मूल घसरत जाण्याची शक्यता असते, नेमक्या त्याच बाजूला त्या वस्तू असतात, हे त्याचे कारण.

५. कडेच्या कापडाखाली पेंढ्याच्या गुंडाळ्या ठेवून दोन्ही बाजूंना उथळ काठ तयार करतात. त्यामुळे पाणी मध्ये राहते आणि मूलही मार्गाबाहेर जात नाही.

६. पाइपाच्या शेवटच्या दीड-दोन मीटर भागाला बारीक छिद्रे पाडून तो भाग वरच्या टोकाला आडवा ठेवतात. त्याचे टोक बंद केल्यावर पाणी सर्व रुंदीवर सारखे पसरते.

७. सपाट भागाच्या शेवटी कापडावरचे पाणी कमी होत जाईल अशी रचना करतात. त्यापुढे हिरवळ किंवा पेंढ्याचा जाड थर असतो. खड्डा खणून पाणी साठवण्यापेक्षा हा शेवट अधिक सुरक्षित मानला जातो.

पहिली चाचणी माणसाऐवजी मातीने भरलेल्या, तोंड शिवलेल्या पोत्याने घेतात. पोते ठरवलेल्या सपाटीच्या आत थांबत नसेल, तर सुरुवातीची जागा खाली आणतात.

पाण्याचा हिशेब

दहा मीटर लांब व दोन मीटर रुंद कापडावर दोन मिलिमीटर जाडीचा थर राखण्यासाठी एका वेळी केवळ ४० लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या पाणी लागते. खर्च होतो तो वाहून जाणाऱ्या पाण्याचा. बागेच्या पाइपातून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी येते असे धरले, तर तासाला ६०० ते ९०० लिटर पाणी जाते. शहरी पाणीपुरवठ्याचा दरडोई मापदंड दिवसाला १३५ लिटर, तर जलजीवन मिशनमधील ग्रामीण मापदंड ५५ लिटर आहे. म्हणजे सतत चालू ठेवलेल्या पाइपाच्या एका तासाच्या खेळात शहरातील चार ते सहा माणसांचे, किंवा खेड्यातील अकरा ते सोळा माणसांचे एका दिवसाचे पाणी वाहून जाते.

पनवेल शहराला पाणी देणाऱ्या स्रोतांमध्ये गाढी नदीवरील देहरंग धरण हे पूर्वीच्या नगरपालिकेच्या व आताच्या महानगरपालिकेच्या मालकीचे धरण आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचा साठा घटतो आणि शहरातील पुरवठ्यात कपात करावी लागते. तालुक्यातील डोंगराळ वाड्या-पाड्यांवर याच दिवसांत विहिरी आटतात. घसरगुंडीची हौस आणि पाण्याची टंचाई एकाच महिन्यात येत असल्यामुळे पाण्याचा पुनर्वापर हा येथे बांधणीचाच भाग ठरतो.

त्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत खालच्या टोकाला मार्गाच्या बाजूला टब ठेवून त्यात पाणी गोळा करतात आणि एक मोठा माणूस ते बादलीने वर नेऊन ओततो. प्रत्येक मुलाच्या पाळीपूर्वी एक-दोन बादल्या ओतल्या, तरी थर पुरेसा टिकतो. या पद्धतीत २०० ते ३०० लिटर पाण्यात तासभर खेळ होतो. दुसऱ्या पद्धतीत टुल्लू पंप किंवा कूलरचा पंप वापरतात. तेथे विजेचा धोका असतो. अंगावर पाणी असताना व जमीन ओली असताना सदोष वायरचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. पंप वापरायचाच असेल, तर जोडणी ३० मिलिअँपिअर क्षमतेच्या आरसीसीबीमधून घेतात, वायरचा सांधा ओल्या भागात येऊ देत नाहीत आणि पंप चालू असताना टबात कोणालाही हात घालू देत नाहीत. लहान घसरगुंडीला बादलीची पद्धत पुरेशी होते.

खेळ संपल्यावर साबण नसलेले पाणी नारळ, पोफळी, आंबा अशा झाडांच्या आळ्यांत सोडता येते. साबण न वापरण्याचे हे आणखी एक कारण आहे. फिरवलेले पाणी मातीने व घामाने गढूळ होते, म्हणून ते दुसऱ्या दिवशी वापरत नाहीत. कापडाच्या घड्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होऊ शकते.

अपघात आणि सुरक्षितता

मानेच्या दुखापती

घरगुती घसरगुंडीच्या धोक्याचे सर्वात ज्ञात उदाहरण 'स्लिप अँड स्लाइड'चे आहे. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने १९९३ मध्ये तिच्याविषयी जाहीर इशारा दिला. १९७३ ते १९९१ या काळात तिचा वापर करताना सात प्रौढ व्यक्तींना आणि एका १३ वर्षांच्या मुलाला मानेची दुखापत किंवा अर्धांग अथवा चारही अवयवांचा पक्षाघात झाल्याचे आयोगाने नमूद केले. हे खेळणे केवळ लहान मुलांसाठी आखलेले होते. प्रौढांची उंची व वजन अधिक असल्याने अंग झोकताच ते अचानक थांबू शकतात आणि शरीराचा सगळा भार मानेच्या मणक्यांवर येऊ शकतो, असे इशाऱ्यात म्हटले होते.

या इशाऱ्यातील बोध घरी केलेल्या घसरगुंडीलाही तितकाच लागू होतो. मुलांचा खेळ पाहून मोठ्यांना मोह होणे स्वाभाविक आहे, पण मुलांच्या मापाने केलेली घसरगुंडी मोठ्यांनी वापरायची नसते. उतारावर नेहमी बसून किंवा पाठीवर आडवे होऊन, पाय पुढे ठेवून घसरतात. डोके पुढे ठेवून झेप घेऊ दिली जात नाही. एका वेळी एकच मूल घसरते आणि ते बाजूला झाल्यावरच दुसरे निघते.

घसरल्यानंतर कोणी मान दुखत असल्याचे, हातापायांना मुंग्या येत असल्याचे किंवा अवयव हलत नसल्याचे सांगितले, तर त्याला उचलून बसवणे किंवा पाणी पाजण्यासाठी मान वळवणे टाळावे लागते. डोके व मान आहे त्या स्थितीत हातांनी स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतात.

ऊन

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी कोरडे प्लास्टिक त्वचा भाजेल इतके तापते. पाइपात उभे राहिलेले पाणीही सुरुवातीला कडक येते. म्हणून सकाळी दहापूर्वी किंवा संध्याकाळी साडेचारनंतरची वेळ निवडतात, कापड आधी ओले करतात आणि मोठ्या माणसाने हात लावून पाहिल्यावरच मुलांना सोडतात. पाण्यात खेळणाऱ्या मुलांना ऊन जाणवत नाही, मात्र त्यांच्या शरीरातील पाणी कमी होत असते. अधूनमधून सावलीत बसवून पाणी, ताक किंवा सरबत देणे आवश्यक असते.

बुडण्याचा धोका

लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. घसरगुंडीच्या शेवटी खोल टब किंवा खड्डा असल्यास हा धोका वाढतो, कारण मूल वेगाने व तोल गेलेल्या अवस्थेत त्यात पोहोचते. खेळ चालू असेपर्यंत एका मोठ्या माणसाने इतर कोणतेही काम न करता तेथेच थांबणे आणि खेळ संपताच टब रिकामा करणे हे दोन नियम पाळले जातात.

शेततळ्यांशी संबंध

प्लास्टिकचे अस्तर, ओलावा आणि उतार या तिन्ही गोष्टी अस्तरित शेततळ्यातही असतात. महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' या २०१६ च्या योजनेनंतर शेततळ्यांची संख्या वाढली. त्यांच्या बाजू घरगुती घसरगुंडीच्या मानाने फार तीव्र असतात, पाण्यालगत त्यांवर शेवाळ धरते आणि तळाशी सपाटी नसून खोल पाणी असते. त्यात पडलेल्या व्यक्तीला निसरड्या अस्तरावर हात किंवा पाय रोवता येत नाही. पोहता येणारेही अशा तळ्यातून बाहेर येऊ न शकल्याने मृत्युमुखी पडले आहेत, आणि बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी उतरलेली दुसरी व्यक्तीही बुडाल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत.

अंगणातील घसरगुंडीवर खेळलेल्या मुलाला शेततळ्याचा काठ ओळखीचा व मजेचा वाटू शकतो. म्हणून ज्या आवारात शेततळे आहे, तेथे घसरगुंडी करताना दोन्हींमधील फरक मुलांना प्रत्यक्ष दाखवून सांगणे महत्त्वाचे ठरते. शेततळ्याला कुंपण, काठावर पक्की बांधलेली व पाण्यापर्यंत पोहोचणारी गाठींची दोरी आणि हवा भरलेली ट्यूब असणे हे जीव वाचवणारे साधे उपाय आहेत.

पावसाळ्यातील वापर

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तासाला २० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर २० चौरस मीटरच्या कापडावर तासाभरात ४०० लिटर पाणी आपोआप पडते व सर्वत्र सारखे पसरते. उन्हाळ्यात बादल्यांनी जे साधावे लागते, ते पनवेलच्या पावसात कोणत्याही खर्चाविना होते. त्यामुळे पाणीटंचाई असलेल्या वर्षी घसरगुंडी जूनच्या मध्यापर्यंत लांबणीवर टाकणे हा एक पर्याय आहे. तोपर्यंत शाळा सुरू होत असल्या, तरी रविवार उरतात.

पावसाळ्याचे धोके वेगळे असतात. वीज चमकताच किंवा गडगडाट ऐकू येताच खेळ थांबवून घरात जातात. मातीत मिसळलेल्या पावसाच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून अंगावर जखम किंवा ओरखडा असलेल्या मुलाला खेळू देत नाहीत आणि खेळानंतर स्वच्छ पाण्याने अंघोळ घालतात. ओल्या जमिनीत कडेचे चर सैल होतात, त्यामुळे कापडाच्या कडा पुन्हा तपासाव्या लागतात.

पावसाळ्यात परिसरातील नैसर्गिक प्रवाहांकडेही लोकांचा ओढा असतो. खारघरचा पांडवकडा धबधबा आणि गाढेश्वर परिसर येथे बुडून मृत्यू झाल्यामुळे पोलीस व प्रशासन पावसाळ्यात पर्यटकांना प्रतिबंध करणारे आदेश काढत आले आहेत. ओढ्यातील शेवाळलेल्या कातळावरून घसरणे हा घरगुती घसरगुंडीला पर्याय नाही. तेथे प्रवाहाचा वेग डोंगरमाथ्यावरील पावसाने क्षणात बदलतो आणि पाण्याखालचा दगड दिसत नाही. अंगणात उंची, पाणी आणि थांबण्याची जागा या तिन्ही गोष्टी आपल्या हाती असतात. ओढ्यात त्यांपैकी एकही नसते.

देखभाल

खेळ झाल्यावर कापड दोन्ही बाजूंनी धुऊन, सावलीत वाळवून व गुंडाळून ठेवतात. रात्रभर अंथरून ठेवलेल्या कापडाखाली ओलाव्यामुळे विंचू, गोम किंवा साप आश्रय घेऊ शकतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ते काठीने उचलून पाहिल्याशिवाय वापरत नाहीत. सतत उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याला चिरा पडतात. अशा चिरेच्या धारेने त्वचा कापली जाते. चिरलेले कापड घसरगुंडीसाठी निकामी झाले, तरी लाकूडफाटा झाकण्यासाठी उपयोगी पडते. भिजलेला पेंढा जनावरांना न घालता खतखड्ड्यात टाकतात.

हे सुद्धा पहा

घसरगुंडी
घर्षण
जलक्रीडा उद्यान
शेततळे
गाढी नदी
पनवेल तालुका